साडेअठरा हजारांचं पाच रुपयांचं नाणं

२०११च्या मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं, पण पिवळं नाही, पांढरं. २००७-०८ची स्टीलची कोरी चकती उरली होती, तिच्यावर चुकून छाप पडला, म्हणून दुर्मीळ, अशी थाप. नागपुरातल्या एका प्रदर्शनात १८,५०० रुपये यूपीआयने गेले. निघालं निकेलचा मुलामा दिलेलं साधं निकेल-ब्रास, म्हणजे नेहमीचा पिवळा मिश्रधातू.

थाप बेतली होती हुशारीनं. स्टीलचं पाच आणि पिवळं पाच, दोन्ही ६ ग्रॅम, २३ मिमी. वजनात पकडणार कसं? चुंबकालाही चिकटतं, कारण निकेलही चुंबकाला चिकटतं. फक्त ओढ ढिली. शेजारी स्टीलचा रुपया धरून बघा, तो झेप घेतो.

इतवारीच्या सराफ्यात टंच काढून, म्हणजे मशीनवर धातू तपासून चिठ्ठी घेऊनच व्यवहार झाला, म्हणजे आंधळेपणा नव्हता. आणि चीड येते ती त्याच चिठ्ठीची. निकेल भरपूर, थोडं तांबं, क्रोमियम शून्य! नाण्याच्या स्टीलमध्ये ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम असतं. ‘सोन्याचं मशीन आहे जी, त्याले लोखंड काय समजते,’ विकणारा म्हणे. पटलं, कारण अर्धं खरं होतं. पण मग एवढं निकेल आलं कुठून, हे तिथेच विचारायचं होतं. हे मशीन मुख्यतः वरचा पातळ थरच वाचतं, मुलाम्याखालचं फारसं नाही.

खरी परीक्षा पाण्याची. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे पुसा. ०.७८ ग्रॅमच्या आसपास आलं तर स्टील, ०.७० तर निकेल-ब्रास. भिंगातून अक्षरांचे कोपरे बघा, तिथे मुलामा पातळ बसतो, पिवळं डोकावतं. कानस लावू नका. मग ‘तुम्हीच घासलं’ म्हणून परत घेत नाहीत.

पोलीस ठाण्यात सांगितलं, यूपीआय आहे, सायबरकडे जा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, समोरासमोरचा व्यवहार आहे, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेल्यावर साहेब नाणं उलटसुलट करून म्हणाले, ‘भाऊ, पाचाचं आहे, पाचात चालते ना? मग फसवणूक कायची?’ अर्जावर पोच द्यायलाही तयार नव्हते. मुलामा म्हणजे काय हे समजावण्यातच अर्धा दिवस गेला. ग्राहक आयोगासाठी पावती काढली, तर तिच्यावर धातूचं नावच नाही: ‘जुने नाणे, १ नग’.