आठ इंची गो-टू डॉब्सोनियन: अकरा महिन्यांनंतर

दुर्बीण घरी आली त्या दिवशी तळाचा खोका लिफ्टच्या दारातून आत जाईना. वॉचमन आणि मी मिळून तो जिन्यानं वर चढवला. तिसऱ्या मजल्यावर दम खाताना त्यानं विचारलं, "साहेब, वॉशिंग मशीन का?" मी म्हटलं, "तसंच समजा." आता वाटतं, अंदाज फारसा चुकीचा नव्हता. वजन तसंच, लेव्हल नीट लागली नाही तर तशीच नाचते, आणि वीज कमी पडली की ऐन कामात बंद पडते.

घेतली २०२४ च्या नोव्हेंबरात. आरसा आठ इंची म्हणजे २०३ मिलिमीटर, फोकल लेंग्थ १२०० मिलिमीटर. दोन्ही अक्षांना मोटर आहे, हँडसेटवर म्हणजे वायरच्या रिमोटवर वस्तूचं नाव दाबलं की नळी आपोआप तिकडे वळते (हेच गो-टू), आणि नळी किती फिरली ते मोजणारे वेगळे एन्कोडर असल्यामुळे हातानं ढकलली तरी ती आपली जागा विसरत नाही. नळी ११ किलो, तळ १५ किलो (घरच्या वजनकाट्यावर). या पैशात एक बरी स्कूटर आली असती, हे घरात अधूनमधून ऐकवलं जातं. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे रडगाणं आहे ते बरंचसं माझ्याच हातचं आहे, आणि उरलेलं या घाटाच्या कुठल्याही दुर्बिणीला लागू पडेल.

काचेबद्दल तक्रार नाही. पहिल्याच रात्री मृगातला तेजोमेघ पाहिला, त्याच्या पोटातले ट्रॅपेझियमचे चार तारे सुटे दिसले, गुरूचे पट्टे दिसले. हे सगळं हातानं ढकलून, संगणक न लावता. जॉन डॉबसननं हा घाट बसवला तेव्हा मोटर-बिटर काही नव्हतंच. हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात वीसेक वर्षं संन्यासी होता. १९६७ मध्ये मठ सुटला, आणि मग तो फुटपाथवर दुर्बिणी मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवत राहिला. लाकडी पेटीत नळी, खाली फिरता पाट, बस्स. त्यात संगणक घुसवला तो आपल्यासारख्यांनी, शहरातल्या उजेडात आठव्या-नवव्या प्रतीच्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अंधुक वस्तू शोधून सापडत नाहीत म्हणून.

तर अलाइनमेंट, म्हणजे ओळखीचे दोन तारे दाखवून दुर्बिणीला आकाशाची ओळख करून देणं. पुस्तिकेत ती अर्ध्या पानात उरकली आहे: नळी आडवी आणि उत्तरेकडे करा, ठिकाण, तारीख, वेळ भरा, यादीतला एक तारा निवडा, तो मध्यभागी आणून एंटर दाबा, मग दुसरा. मला हे जमायला तीन आठवडे लागले. आणि "सक्सेसफुल" आलं म्हणजे जमलं असंही नाही. माझ्या २५ मिलिमीटरच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) ४८ पट दिसतं आणि जेमतेम एक अंश आकाश मावतं, म्हणजे शेजारीशेजारी दोन पौर्णिमेचे चंद्र. दुर्बीण अर्ध्या अंशानं चुकली तरी वस्तू चौकटीबाहेर गेली, आणि तुम्ही रिकाम्या आकाशाकडे डोळे फाडून बघत बसता.

पहिला गुन्हेगार निघाला गच्चीचा उतार. पावसाचं पाणी पन्हाळीकडे जावं म्हणून प्रत्येक गच्चीला उतार असतो हे मला माहीत होतं, पण डोक्यात आलं नव्हतं. तळावरचा गोल बुडबुडा मी ठोकताळ्यानं मध्ये आणत होतो. नंतर गवंड्याकडची लांब स्पिरिट लेव्हल आणून दोन दिशांना आडवी-उभी ठेवून बघितलं तर पूर्वेकडची बाजू चक्क एक बोट खाली. आता त्या पायाखाली प्लायचे दोन तुकडे जातात, आणि तिन्ही पायांच्या जागा गच्चीवर ऑइलपेंटनं रंगवून ठेवल्यात. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते ठिपके आवडलेले नाहीत.

उत्तर दिशाही अशीच. ध्रुव आपल्या पुण्यात क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, तो समोरच्या बिल्डिंगमागे. म्हणून मोबाइलमधलं होकायंत्र लावायचो. स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीपाशी एक उत्तर आणि कठड्यापाशी दुसरी. शेवटी एकदा मित्राच्या गच्चीवरून ध्रुव कुठल्या टॉवरच्या रेषेत येतो ते बघून आलो.

तारखेचा किस्सा मात्र सविस्तर सांगायलाच हवा. १२ मार्च, होळीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. सोसायटीतल्या पोरांना चंद्र आणि गुरू दाखवायचं कबूल केलं होतं. पंधरा-वीस पोरं रांगेत, दोन आज्या खुर्च्या घेऊन. हँडसेटमध्ये तारीख भरली १२/०३. यादी आली, तीत फोमलहॉट! व्याध दक्षिणेला डोक्यावर लखलखतोय आणि हँडसेट फोमलहॉट दाखवतोय, जो त्या वेळी क्षितिजाखाली होता. मी म्हटलं असेल काहीतरी, आणि रोहिणी निवडली. मोटर घर्रर्र करत फिरली आणि नळी पूर्वेला, खाली, समोरच्या विंगमधल्या एका खिडकीवर जाऊन थांबली. रोहिणी तेव्हा पश्चिमेला, चांगली वर. एका पोरानं विचारलं, "काका, आपण जोशींचं घर बघतोय का?"

हँडसेट अमेरिकी पद्धतीनं महिना आधी मागतो. माझी १२ मार्च त्याच्या लेखी ३ डिसेंबर झाली होती. तारे आपली जागा सोडत नाहीत, पण रात्री आठला कुठला तारा कुठे असेल ते तारखेवर ठरतं, आणि ग्रहांचं तर गणितच तारखेवर. गुरू त्या दिवशी वृषभेत होता, हँडसेटच्या हिशेबानं मात्र डिसेंबरातला म्हणजे मिथुनेतला. पोरांना चंद्र हातानंच दाखवला. चंद्राला काय, आंधळाही दुर्बीण लावेल. दुसऱ्या दिवशी हँडसेटच्या मागे चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं: "महिना आधी". खाली अक्षांश-रेखांशही लिहून ठेवले. तिथेही खाच आहे. नकाशात पुण्याचा अक्षांश १८.५२ दिसतो, हँडसेट अंश आणि कला (अंशाचा साठावा भाग) मागतो. १८ अंश ५२ कला भरायचे नसतात, १८ अंश ३१ कला भरायचे असतात. टाइम झोनला अधिक ०५:३०, तो अर्धा तास विसरायचा नाही.

ताऱ्यांची नावं हा आपल्या लोकांचा खास घोळ. आपण नक्षत्रांवर वाढलेलो, यंत्राला अरबी-ग्रीक नावं. प्रोसियन म्हणजे प्रश्वा, कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय, हे पाठ होईपर्यंत मोबाइलवरचं स्टेलॅरियम हे आकाशनकाशाचं ॲप उघडं ठेवावं लागलं. २०२५ च्या जानेवारीत तर मंगळच पुनर्वसूत येऊन बसला होता. हँडसेटनं पोलक्स मागितला. समोर तीन ठिपके जवळपास एका ओळीत. तांबडा तो मंगळ, एवढं कळलं. उरलेल्या दोघांतला मी कॅस्टर धरला. दोघांत अंतर साडेचार अंश. गुरूकडे जा म्हटल्यावर दुर्बीण अंधारात जाऊन उभी राहिली, आणि मी अर्धा तास मोटरला शिव्या घातल्या. आता मी कटाक्षानं एकटे, ठळक तारे घेतो, एकमेकांपासून साठ ते नव्वद अंश लांब: हिवाळ्यात ब्रह्महृदय आणि व्याध, उन्हाळ्यात मघा आणि स्वाती. तारा मध्ये आणताना फोकस बिघडवून त्याची चकती करतो. ठिपक्यापेक्षा चकती गोलाच्या मध्यावर बसवणं सोपं. आणि शेवटची कळ नेहमी वर आणि उजवीकडचीच दाबायची, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा दर वेळी एकाच बाजूला जातो. हे पुस्तिकेत आहे, पण बारीक अक्षरात.

यानंतर वीज. आठ पेन्सिल सेलचा डबा एका तासात झोपला. मग वायफाय राउटरचा छोटा यूपीएस लावला, १२ व्होल्ट लिहिलेलंच होतं की त्यावर. बारीक हालचालींना ठीक, पण दोन्ही मोटर एकदम पूर्ण वेगानं फिरल्या की हँडसेट मिटायचा आणि सगळी अलाइनमेंट पुसली जायची. कधी "नो रिस्पॉन्स" यायचं. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं: फर्मवेअर अपडेट करा. केलं, काही फरक नाही. शेवटी मल्टिमीटर लावून बघितलं तर दुर्बीण फिरताना व्होल्टेज दहाच्या आसपास घसरत होतं. यूपीएसची सात अँपिअर-अवरची बॅटरी आणली, फ्यूज लावला. तरी आठवड्यातून एकदा बंद पडायचीच. बॅटरी आणि वायर पिशवीत घालून तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. दुकानदारानं पिन हातात घेतली, दुर्बिणीच्या सॉकेटचा फोटो बघितला, आणि पिन काउंटरवर ठेवत म्हणाला, "ही अडीचची आहे. तुम्हाला दोन पॉइंट एकची पाहिजे. ही बसते, पण धरत नाही." तीस रुपये. महिनाभर मी ज्याला सॉफ्टवेअरचा बिघाड म्हणत होतो तो तीस रुपयांचा निघाला. आता वायर तळाच्या हँडलला एक वेढा देऊन बांधतो, कारण तळ गोल फिरताना ती गुंडाळली जाते आणि पिन ओढते. तेही झालंय, वेगळ्या रात्री.

सगळ्यात चिवट दुखणं वेगळंच होतं. पहिल्या दोन-तीन वस्तू अचूक सापडायच्या, नंतर दर वेळी थोडी खाली. वहीत लिहायला लागलो: वस्तू कुठली, चूक किती, कुठल्या बाजूला. दहा नोंदी झाल्यावर दिसलं की डावी-उजवी चूक जवळपास नाही, फक्त उंची चुकते आणि ती वाढत जाते. म्हणजे आकाशाचं गणित बरोबर, वरच्या अक्षावर काहीतरी सरकतंय. बाजूचं झाकण उघडलं, एन्कोडरची रिंग आणि दांडा यांच्यावरून पेन्सिलनं एक आडवी रेघ मारली, आणि तासभर दुर्बीण वर-खाली पळवली. टॉर्च मारून बघितलं तर रेघ तुटलेली! अर्धी रिंगवर, अर्धी दांड्यावर, मध्ये दोन मिलिमीटरचं अंतर. आतला बारीक स्क्रू ढिला होता. सगळ्यात लहान ॲलन की लावून आवळला, वर नेलपॉलिशचा थेंब. नेलपॉलिश कुणाचं हे विचारू नका.

तळाच्या मधल्या बोल्टचंही तसंच. फार आवळला तर तळ अडखळत फिरतो, सैल असला तर वरचा पाट डुलतो. पाव फेरा इकडे-तिकडे करत जागा शोधावी लागते, आणि हवामानाबरोबर ती बदलते. तळ भुश्याच्या दाबीव फळीचा आहे. पावसाळ्यात तो आतल्या खोलीत प्लास्टिकखाली होता, तरी एका कडेला लॅमिनेट फुगलंच. ज्यांचं घर कोकणात आहे त्यांनी कडांना आधीच व्हार्निश मारून घ्यावं. आयपीस सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवले, त्यांना बुरशी धरली नाही.

कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, अलाइनमेंटच्या आधी करायचं, नंतर नाही. आरसा हलवला की नळीची नजरच हलते, मग आधी दाखवलेले दोन तारे फुकट. त्यासाठी लेझर वापरत असाल तर तो फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या नळकांड्यात) गोल फिरवून बघा. ठिपका एका जागी न राहता वर्तुळ काढत असेल तर वाकडा लेझर आहे, आरसा नाही. माझा काढत होता.

एक खोड मात्र गेली नाही, जाणारही नाही. आपल्या अक्षांशावर बऱ्याच चांगल्या वस्तू थेट डोक्यावरून जातात. स्वाती जातो, पुष्यातला तारकागुच्छ जातो. अगदी माथ्यावर आली की या दुर्बिणीला तिच्या मागे तळ गरागरा फिरवावा लागतो आणि ती भांबावते. अर्धा तास थांबायचं, वस्तू थोडी कलू द्यायची. तोवर चहा.

मे महिन्यात भोरच्या पुढे एका मित्राच्या शेतावर नेली. शेणानं सारवलेलं खळं, एकदम सपाट. लेव्हल दोन मिनिटांत. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी तिथून जेमतेम २४ अंश वर येतो. नाव दाबलं, मोटर थांबली, आणि आयपीसभर साखर सांडल्यासारखे तारे. मित्राच्या वडिलांनी बराच वेळ डोळा काढला नाही, मग म्हणाले, "हे रोजच असतं व्हय तिथं?"

दिवाळीनंतर पुन्हा गच्चीवर मांडली. शेजारच्या काकूंना शनी दाखवायचं वर्षापासूनचं आश्वासन होतं. दोन्ही तारे पहिल्या दमात लागले, शनी बरोबर मधोमध. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "बिघडली वाटतं परत. कडं कुठाय?" शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याकडे कडेनं वळली होती, मार्चमध्ये तर अगदी आडवी होती, एक केसाएवढी रेघ दिसत होती एवढंच. मी सांगितलं, "काकू, हळूहळू उघडतील, २०३२ मध्ये पूर्ण दिसतील."

"तोवर टिकेल का ही?"

मी खाली वाकून मधला बोल्ट पाव फेरा आवळला.