यामाहा पॅसिफिका 012: विदर्भाच्या हवेत, जनरेटरच्या करंटवर

पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणून पॅसिफिका 012 बरेच जण घेतात, आणि घ्यावीच. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे ती वाजणार कुठे? दिवाळी झाली, धान घरी आलं की मंडई, म्हणजे गावची जत्रा, मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे याच धानपट्ट्यातल्या रंगभूमीचं, नाटक, आणि पहाटेपर्यंत जनरेटर. त्या कामाला ही गिटार पेटीतून निघते तशी चालत नाही. आधी तिला एक दुपार द्यावी लागते.

निवडीचं मुख्य कारण ब्रिजजवळचा (तारा बॉडीवर जिथं टेकतात तिथला) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप. पिकअप म्हणजे तारेचं कंपन पकडणारं चुंबक आणि कॉइल. मधला आणि नेककडचा (दांडीकडचा) पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा, आहे, आणि अर्थिंग कच्चं असलं की तो घूं करतोच. हंबकरच्या दोन उलट कॉइलमध्ये ती 50 हर्ट्झची घूं कापली जाते. पॅसिफिकाच्याच 112व्ही मॉडेलमध्ये टोनचा नॉब ओढून हंबकरची एक कॉइल बंद करता येते, 012 मध्ये ती सोय नाही. मंडपात तिची उणीव भासत नाही.

सेटअपची सुरुवात ब्रिजपासून करा. ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने हलणारा ब्रिज, बॉडीपासून उचललेला, तरंगता ठेवला आणि नाटकाच्या मध्येच एक तार तुटली, तर उरलेल्या पाचही चढतात आणि गाणं तिथंच बसतं. मागचं झाकण काढा, स्प्रिंगा ज्या पंजात अडकतात त्याचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा घट्ट करत जा, ब्रिज बॉडीला सपाट टेकेपर्यंत. गरज पडली तर एखादी स्प्रिंग वाढवा. ट्रेमोलोचा दांडा मग खाली दाबण्यापुरताच उरतो. हे आधी करायचं कारण सरळ आहे: ब्रिज हलला की तारांची उंची बदलते, आणि पुढची सगळी मापं वाया जातात.

आता नेक. 9-42 जाडीच्या तारांचा नवा संच चढवून सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, जाडी तार शेवटच्या फ्रेटवर दाबलेली, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधल्या फटीत 0.20 ते 0.25 मिमीची पट्टी हलकी घासत गेली पाहिजे. त्यासाठी गिटारचं खास हत्यार लागत नाही. मोटारसायकलचे टॅपेट लावणाऱ्या मेकॅनिककडे फिलर गेज असतंच. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक सांभाळणारी सळई) घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट, पण एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. मग पुन्हा सूर लावून दोन-तीन तास थांबा, लाकूड हळू बसतं. अॅलन की अडली तर जोर करू नका. रॉडचं डोकं झिजलं की दुरुस्ती गिटारच्या किमतीला जाते.

हे वर्षातून दोनदा लागतं: एकदा पावसाळा लागल्यावर, एकदा दिवाळीआधी. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 46-47 अंशांवर जातो, फिंगरबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवलेली फळी) आक्रसतो आणि फ्रेटची टोकं हाताला बोचू लागतात. बारीक कानशीने ती तिरपी घासून घ्या. त्याहून घातक कूलर. दिवसभर कोरडी खोली, रात्री कूलरची ओली हवा, अशा चढउतारात नेक रोज हलतो आणि तारा महिन्याभरात गंजतात. कूलरच्या खोलीत गिटार भिंतीवर टांगू नका, बॅगेत बंद ठेवा.

बाराव्या फ्रेटवर तारांची उंची जाड तारेला 1.8 मिमी, बारीकला 1.5 मिमी पुरते. त्याहून खाली नेली तर जोरात वाजवताना खरखर होते. मग इंटोनेशन, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर बरोबर लागणं: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथंच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरता असेल तर नेककडे. जाडी तार कशीच जुळत नसेल, स्वर थरथरत असेल, तर सॅडलला दोष देण्याआधी सिंगल कॉइल खाली करून बघा. चुंबक तारेला ओढतं. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपपासून जाड तारेपर्यंत अडीच मिमी अंतर ठेवा. सूर लावताना नटमध्ये (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) टिंग् असा आवाज आला तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलचं शिसं भरा.

इफेक्टमध्ये, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पेडलमध्ये, सगळ्यात आधी डिस्टॉर्शनचा (आवाज खरबरीत करणारा) बॉस डीएस-1 घ्या. 1978 पासून हा केशरी पेडल बाजारात आहे. मंडपात गिटार बहुतेक वेळा सरळ मिक्सरमध्ये जाते आणि मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली की तिचा वरचा उजेड मरतो. डीएस-1 बंद असतानाही त्यातला बफर सिग्नल पुढे रेटतो, म्हणून तो इथं दुप्पट कामाचा. मात्र मध्ये स्पीकर कॅबिनेट नसल्याने डिस्टॉर्शन पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं येतं. टोनचा नॉब घड्याळातल्या नऊच्या काट्यावर, डिस्टचा बाराच्या आत ठेवा, आणि पुढे कॅबिनेट सिम्युलेटर (स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारा) असेल तर उत्तम. कोरस (आवाज दाट करणारा) आणि डिले (प्रतिध्वनी देणारा) हे पेडल डीएस-1 नंतर.

करंटकडे नीट लक्ष द्या. पेडलला 9 व्होल्ट डीसी लागतं, मधली पिन निगेटिव्ह. कीबोर्डवाल्याचा अडॅप्टर त्याच आकाराचा दिसतो, पण तो 12 व्होल्टचा आणि मधली पिन पॉझिटिव्ह असू शकतो. वरचा छापील शिक्का वाचल्याशिवाय लावू नका. एकाच स्वस्त अडॅप्टरवरून डिजिटल डिले आणि डीएस-1 चालवला तर बारीक शिट्टी ऐकू येते. डीएस-1 बॅटरीवर ठेवा, डिलेला अडॅप्टर द्या. वाजवणं संपलं की इनपुटची केबल काढा, ती खोचलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

घूं घालवायला कोणी थ्री-पिनची अर्थची पिन कापायला सांगेल. कापू नका. गिटारच्या तारा ब्रिजवरून अर्थला जोडलेल्या असतात. अॅम्प एका बोर्डवर, मिक्सर दुसऱ्यावर आणि एकाचं अर्थिंग तुटकं असेल, तर गाताना ओठ माइकला लागताच झटका बसतो. पडदा उघडण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. दोन-चार व्होल्टच्या वर आकडा आला तर तारांना हात न लावता आधी दोन्ही एकाच थ्री-पिन बोर्डवर घ्या, अर्थिंग तपासा आणि पुन्हा मोजा.