साडेचारशेचा लाकडी बूट आणि वीस रुपयांची नाडी: सात महिन्यांचा अनुभव

जानेवारीत लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला हा लेस ओवायचा लाकडी बूट मागवला. किंमत साडेचारशे. वीतभर लांबी, सहा भोकं, एक निळी लेस आणि चित्रं काढलेलं एक कार्ड. घेण्याचं कारण असं की तिच्या शाळेच्या बुटांना वेलक्रो, फ्रॉकला चेन, घरात स्लिपर. गाठ मारायची वेळच तिच्यावर येत नव्हती. आमच्या पिढीत परकराच्या नाडीला निरगाठ बसली की रडारड व्हायची. ती रडारडसुद्धा हल्लीच्या पोरांच्या वाट्याला नाही.

आधी चांगलं सांगते. लाकूड गुळगुळीत आहे, कड कुठे टोचत नाही. दोनदा जिन्यावरून गडगडत गेला तरी टवका उडाला नाही. ओवायला तर झकास. पंधरा दिवसांत ती सहाही भोकांतून लेस काढायला शिकली, कधी सरळ, कधी फुली करून. पण ओवणं म्हणजे गाठ मारणं नव्हे, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘गाठ शिका’ असं छापलंय.

गाठीसाठी कार्डावर सशाची गोष्ट आहे: ससा झाडाभोवती फिरतो आणि बिळात शिरतो. लेकीने कार्ड उलटसुलट करून विचारलं, “आई, झाड कुठाय?” प्रश्न रास्त होता. मलाही सापडलं नाही. त्यात ही लेस गोल आणि गुळगुळीत, नायलॉनसारखी. मोठ्या मुश्किलीने गाठ बसवून तिने हात काढला की गाठ आपोआप सैल. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा बूट सोफ्याखाली गेला आणि महिनाभर तिथेच राहिला.

तो बाहेर काढला सासूबाईंनी. म्हणाल्या, “अगं, दोन्ही टोकं एकाच रंगाची. कुठलं कुठून आलं ते तिला दिसतच नाहीये.” मग दुकानातून परकराची सुती, चपटी नाडी आणली, वीस रुपयांची, आणि अर्धी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळत घातली. पुढचे चार दिवस लेकीची बोटं आणि सोफ्याचा एक कोपरा पिवळा होता, पण काम झालं. गोष्टही आजीचीच: पिवळी मनी पांढरीच्या अंगावरून उडी मारते, खालच्या फटीतून वर डोकावते, मग दोघी शेपट्या धरून ताणतात. झाली साधी गाठ! तिसऱ्या दिवशी लेकीला ती न सांगता आली.

खरा खेळ त्यानंतर सुरू झाला. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या म्हणजे गोठा, सगळी मऊ खेळणी म्हणजे गुरं. संध्याकाळी प्रत्येकाला दावं लावायचं, सकाळी सोडायचं. बांधण्याइतकंच सोडवणंही शिकावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. घट्ट बसलेली गाठ ती टोकं ओढून आणखी आवळायची. आजीने दाखवलं की टोक ओढायचं नाही, उलट गाठीत मागे ढकलायचं, मग नखाने फट पाडायची. हत्तीचं दावं सोडवायला एकदा वीस मिनिटं लागली. शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवतेय आणि ही म्हणते, “थांब, हत्ती राहिलाय.”

माझी मोठी चूक वेगळीच होती. लेक डावखुरी आहे, मी उजवी. तिच्या शेजारी बसून मी तीन आठवडे शिकवलं आणि ती गोंधळत राहिली. समोर बसले, आरशासारखी, तेव्हा दोन दिवसांत जमलं. तुम्ही आणि मूल दोघंही उजवे किंवा दोघंही डावखुरे असाल तर शेजारी बसा किंवा मांडीवर घ्या. कार्डावर याबद्दल चकार शब्द नाही. सगळी चित्रं उजव्या हाताची.

लेसचं फूल (सुरगाठ) जूनमध्ये घेतलं, तेही शेवटाकडून. बाकी सगळं मी करायचं, शेवटची ओढ तिची. मग हळूहळू एकेक पायरी मागे यायचं. त्यामुळे रोज काहीतरी पूर्ण केल्याचा आनंद तिचाच. इथे मात्र बूट उपयोगी पडला, कारण तो हलत नाही आणि चवडा पुढे करून ठेवला की स्वतःच्या पायातल्या बुटासारखाच दिसतो. नवरा शाळेत स्काउटमध्ये होता, त्यामुळे ‘उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर’ हा रीफ नॉटचा (उलटसुलट मारलेल्या दुहेरी गाठीचा) जप घरात चालू झाला; फूल म्हणजे तीच गाठ, फक्त दुसऱ्यांदा टोकांऐवजी फासे. जागतिक स्काउट चिन्हाभोवतीच्या दोरीलाही हीच रीफ नॉट आहे, हे त्याने आम्हाला निदान पाच वेळा सांगितलं. दोन्ही वेळा एकाच बाजूने फिरवलं तर फूल बुटावर आडवं न बसता उभं, चवड्याकडे तोंड करून बसतं, आणि लवकर सुटतं. 2017 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी बुटाची लेस का सुटते ते तपासलं होतं: पाय आपटल्याचा दणका गाठ सैल करतो आणि झुलणारी टोकं ती ओढत नेतात. फूल आडवं की उभं, हे आता लेक माझ्या बुटांवरही तपासते.

तक्रारी दोन. लेसच्या टोकाचं प्लास्टिक मार्चमध्येच निघालं. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की लेस हा खेळण्याचा भाग धरत नाही. लेसच्या खेळण्यात! मी सेलोटेप गुंडाळली. दुसरी गंभीर आहे: लेस मीटरभर लांब आहे आणि लेकीने एकदा ती माळ म्हणून गळ्यात घातली. मी कापून निम्मी केली. दोरीचा कुठलाही खेळ मोठं माणूस समोर असतानाच, आणि गळ्यापाशी कधीच नाही.

घ्यावा का? फक्त ओवण्यासाठी घेणार असाल तर जरूर. गाठीसाठी आधी नाडी आणा, सुरगाठीपर्यंत पोचलात तर बुटाचा विचार करा. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक सासूबाईंचा.

यंदा राखी तिने स्वतः बांधली. आतेभाऊ आठ वर्षांचा, हात स्थिर ठेवेना, रेशमी दोरा सरकत होता. पहिली राखी दोन मिनिटांत सुटून नारळीभातात पडली. तिने ती उचलून पुसली, गाठीची जागा न्याहाळली आणि त्याला म्हणाली, “दादा, हात दे. उभी बसली होती.”