डिजिटल ट्विन करताना सिंगापूरची वाट धरावी की हेलसिंकीची?

शहराचे डिजिटल ट्विन, म्हणजे संगणकावरील त्रिमितीय प्रतिरूप, करण्याचे ठरले की निविदा काढण्यापूर्वीच अख्खे शहर एकदम घ्यायचे की एका भागापासून सुरुवात करायची, हे ठरवावे लागते.

सिंगापूरने २०१४ च्या अखेरीस ‘व्हर्च्युअल सिंगापूर’ जाहीर केले, त्यासाठी ७ कोटी ३० लाख सिंगापूर डॉलरची तरतूद केली आणि विमानातून व रस्त्यावरून लेसर सर्वेक्षण करून सगळे बेट मोजले. हे जमले, कारण तिथे शहर आणि राज्य एकच आहे. पुण्यात मात्र शहरातील बहुतेक रस्ते महापालिकेचे, वीजवाहिन्या महावितरणच्या आणि हद्दीबाहेरचे नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे (पीएमआरडीए). त्यामुळे पैसा उभा राहिला, तरी माहिती एका छताखाली आणण्यातच वर्षे जातील.

हेलसिंकीने शहराची दोन मॉडेल केली आणि त्यांतील फरक निर्णय घेणाऱ्याने नीट समजून घ्यावा. हवाई छायाचित्रांपासून केलेले जाळीचे मॉडेल हुबेहूब दिसते. पण त्यात भिंत, झाड आणि खाली उभी असलेली मोटार एकाच सलग सालीसारखी चिकटलेली असतात, त्यामुळे इमारतीवर क्लिक करून ती कधी बांधली हे विचारता येत नाही. सिटीजीएमएल या शहरांच्या त्रिमितीय माहितीसाठीच्या प्रमाणित स्वरूपातील मॉडेल दिसायला रुक्ष असते, परंतु त्यात छप्पर, भिंत आणि इमारत या स्वतंत्र, क्रमांक असलेल्या वस्तू असतात. सादरीकरणात टाळ्या पहिल्याला मिळतात, नगररचनेच्या कामाला मात्र दुसरे येते. जुन्या बंदराच्या जागी उभ्या राहणाऱ्या कालासातामा या एका भागात त्यांनी वाऱ्याचा आणि सावलीचा अभ्यास करून पाहिला, शिवाय शहराची मॉडेल सर्वांना खुली केली. सिंगापूरचा भर प्रथम सरकारी खात्यांच्या वापरावर होता.

भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात प्रमुख शहरांच्या डिजिटल ट्विनसाठी २०३५ चे लक्ष्य आहे, म्हणजे घाई करण्याचे कारण नाही. माझ्या मते बहुतेक महापालिकांनी हेलसिंकीची वाट धरावी आणि पाणी तुंबणारा एखादा प्रभाग आधी घ्यावा. उंचीचे सर्वेक्षण तेवढे संपूर्ण शहराचे एकदाच करून घेणे स्वस्त पडते. विदेची (डेटाची) मालकी महापालिकेची राहील, ही अट निविदेतच असावी. आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना मॉडेलमधील इमारत अद्ययावत करण्याचे काम नगररचना विभागातील कोणत्या पदाकडे राहील, हे कार्यादेशापूर्वी लेखी ठरवावे.