‘मणिचित्रताळ’ की ‘भूलभुलैया’: आधी कोणता पाहावा?

फाझिल यांचा १९९३ सालचा मल्याळम ‘मणिचित्रताळ’ आणि त्यावरून प्रियदर्शन यांनी २००७ मध्ये केलेला ‘भूलभुलैया’ यांपैकी आधी कोणता पाहावा, हा प्रश्न मराठी प्रेक्षकाला बहुधा पडतच नाही. हिंदी समजते, म्हणून तो ‘भूलभुलैया’ पाहून मोकळा होतो. जुन्या वाड्यात राहायला आलेल्या नायिकेच्या (मल्याळममध्ये गंगा, हिंदीत अवनी) अंगात भूत शिरलेले नसून तिच्या आजारी मनातच दुसरी बाई उभी राहिली आहे, हे गुपित आता सर्वश्रुत असल्याने ते येथे झाकून ठेवलेले नाही.

हिंदी चित्रपटाला नुसती नक्कल म्हणून निकालात काढणे मला योग्य वाटत नाही. मूळ चित्रपटाच्या दुसऱ्या चित्रीकरण पथकाचे काम ज्या दिग्दर्शकांनी सांभाळले, त्यांत स्वतः प्रियदर्शन होते, त्यामुळे या गोष्टीची नस त्यांना ठाऊक होती. ‘मेरे ढोलना’ गाताना श्रेया घोषाल यांच्या जोडीला एम. जी. श्रीकुमार आहेत, आणि मूळ चित्रपटाची गाणी त्यांच्याच थोरल्या भावाने, एम. जी. राधाकृष्णन यांनी, संगीतबद्ध केली होती. विक्रम गोखले यांचे आचार्य तर मला आजही आवडतात. मांत्रिकाच्या भूमिकेत इतका संयम क्वचित दिसतो. शिवाय नायिकेच्या मनातली ती दुसरी बाई, म्हणजे तंजावरची तमिळ बोलणारी नागवल्ली, हिंदीत बंगालची मंजुलिका झाली, याचा आपल्याला सरळ फायदा होतो, कारण अवनी हिंदी सोडून बंगाली बोलू लागली की ती बदलली हे आपल्या कानांना लगेच कळते, तर मल्याळममधून तमिळमध्ये झालेला पालट उपशीर्षकांवर विसंबलेल्या प्रेक्षकाच्या हातून निसटू शकतो.

तरीही माझे मत दुसरीकडे झुकले, त्याचे कारण छोटे पंडित. वाड्यातल्या प्रकारांनी डोके फिरलेले एक दुय्यम पात्र दोन्ही चित्रपटांत आहे. मल्याळममध्ये कुतिरवट्टम पप्पू यांच्या काट्टुपरंबनला कोरड्या जमिनीवर पाणी साचल्याचा भास होतो आणि तो मुंडू (केरळी लुंगी) सावरत, उड्या मारत चालतो. हिंदीत ती जागा राजपाल यादव यांच्या छोटे पंडितकडे आहे. एका मनोरुग्ण स्त्रीविषयी आपल्याला कळवळा वाटावा यासाठी सगळी शक्ती लावणारा चित्रपट दुसऱ्या मनोरुग्णाला मात्र खुशाल हसण्यावारी नेतो, ही विसंगती मुळातलीच आहे आणि तिच्यातून फाझिलही सुटत नाहीत. परंतु मूळ चित्रपटात हा विनोद येतो आणि निघून जातो, तर ‘भूलभुलैया’त तो पुन्हा पुन्हा, मोठ्या आवाजात आणि टाळ्यांची वाट पाहत येतो. आमच्याकडे हा चित्रपट जितक्या वेळा लागला, तितक्या वेळा छोटे पंडितवरचे हसू ओसरायच्या आत अवनीचा प्रसंग सुरू झाला, आणि तिचे विस्फारलेले डोळे पाहूनही कोणीतरी हसलेच. राजपाल यादव यांचा यात दोष नाही, कारण सांगितलेले काम त्यांनी चोख केले आहे. पण भीती साठत जाण्यासाठी जी शांतता लागते, ती हा चित्रपट स्वतःच मोडत राहतो.

हा फरक पलंगाच्या प्रसंगात नेमका जाणवतो. नायिकेचा आजार ओळखणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांच्या (मल्याळममध्ये मोहनलाल) सांगण्यावरून नवरा ऐन वेळी बायकोला बाहेर जाऊ देत नाही, एवढीच परीक्षा. गंगेची भूमिका करणाऱ्या शोभना आधी खरोखरच गोंधळलेल्या, थोड्या दुखावलेल्या दिसतात. मग मान किंचित वळते, नजर स्थिर होते, आवाज खाली उतरतो आणि अखेरीस एका हाताने पलंग उचलला जातो. येथे आवाजाबद्दल सांगायला हवे. गंगेचा आवाज भाग्यलक्ष्मी यांचा आणि नागवल्लीचा दुर्गा यांचा आहे, त्यामुळे तमिळ ओळखू न येणाऱ्यालाही घशातून कोणी दुसरेच बोलते आहे हे उमगते. याउलट विद्या बालन यांनी दोन्ही बाजू स्वतःच्या आवाजात पेलल्या आहेत, आणि निव्वळ कष्टांचा हिशेब केला तर त्यांचे पारडे कदाचित जड ठरेल. पण अंगावर काटा येतो तो शोभना यांना पाहताना, निदान माझ्या तरी. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच भूमिकेसाठी मिळाला.

घरात उपशीर्षके वाचायला नाखूश असलेली वडीलधारी मंडळी आणि मुले एकत्र बसणार असतील, तर ‘भूलभुलैया’ लावावा. संध्याकाळ मजेत जाईल. एकट्याने किंवा दोघांनी पाहायचा असेल, तर मात्र मी ‘मणिचित्रताळ’च सुचवीन, आणि २०२४ मध्ये पुनःप्रदर्शनासाठी तयार झालेली फोर-के प्रत मिळाली तर अधिकच उत्तम. मोहनलाल बऱ्याच उशिरा येतात आणि तोवरचा भाग संथ आहे, तेवढा धीर धरावा लागेल. हिंदी चित्रपट त्यानंतर पाहिला तरी फारसे बिघडत नाही. उलट क्रमाने पाहणाऱ्याला मात्र पप्पू यांच्या प्रसंगांतही राजपाल यादवच दिसत राहण्याचा धोका आहे.