‘मिनिमम गॅरंटी’वर सही करण्याआधी हे वाचा

एमडी मेडिसिन झालं, सरकारी बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष संपलं. स्वतःचं क्लिनिक टाकायचं तर जागेचं डिपॉझिट आणि कर्ज आलंच, म्हणून जिल्ह्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलात फुलटाइम कन्सल्टंट म्हणून रुजू झाले. मालक स्वतः डॉक्टर. "मॅडम, महिना २ लाख मिनिमम गॅरंटी. पेशंट आले नाहीत तरी काळजी नाही," असं म्हणाले. मी विश्वास ठेवला.

पहिल्याच दिवशी अकाउंटंटने नर्सिंग होम रजिस्ट्रेशनच्या फाइलला लागतं म्हणून एमडीचं मूळ प्रमाणपत्र मागून घेतलं आणि माझ्यासमोर लोखंडी कपाटात ठेवलं. मग माझंच चेकबुक पुढे सरकवलं. "दोन चेकवर फक्त सही करा, बाकी कोरं राहू द्या. सगळेच डॉक्टर देतात." मी सही केली. आजही तो क्षण आठवला की पोटात गोळा येतो.

पाच महिन्यांनी सोडते म्हटल्यावर पावणेचार लाखांची मागणी आली. कराराच्या सातव्या पानावर ‘गॅरंटी’ हा शब्दच नव्हता, ‘अ‍ॅडव्हान्स’ होता. माझी फी २ लाखांपेक्षा जितकी कमी भरेल, तितकं माझ्या नावावर देणं. आणि फी कमीच भरणार होती, कारण महात्मा फुले योजनेच्या आणि इन्शुरन्सच्या पेशंटची फी क्लेमचे पैसे आल्यावरच धरायची, असं त्याच पानावर होतं. रात्री दोनला उठून आयसीयूत पाहिलेले पेशंट हिशेबात कुठेच नव्हते!

दरमहा १० टक्के टीडीएस कापून १ लाख ८० हजार हातात येत होते. आपल्या नावावर सरकारकडे किती टीडीएस जमा झाला हे दाखवणारा फॉर्म २६एएस उघडला, तर त्यात एकही नोंद नाही. हा फॉर्म तुम्ही दर तिमाहीला बघाच.

दोन वर्षं १० किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही, अशीही अट होती. व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्द ठरवणाऱ्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती टिकायची नाही, असं वकिलांनी सांगितलं, तेव्हा जरा धीर आला.

मूळ प्रमाणपत्र कुणी मागितलं तर दाखवा आणि सेल्फ अटेस्टेड झेरॉक्स द्या. करार सहीच्या आधी घरी आणून वकिलाला वाचायला द्या, आणि क्लेम अडकला तर फी कधी धरणार हे लेखी घ्या.

वकिलाच्या नोटिशीनंतर माझं प्रमाणपत्र परत मिळालं. कोरे चेक अजून त्यांच्याकडेच आहेत. बँकेत पेमेंट थांबवलंय, पण तरीही चेक न वटल्याची, म्हणजे कलम १३८ची केस होऊ शकते, म्हणून वकिलांनी चेकचे नंबर टाकून दुसरी नोटीस पाठवली आहे.