सहा महिन्यांच्या कराराची नोकरी की झीरो-अवर्स, म्हणजे तासांची हमी नसलेलं, बोलावतील तेव्हाचं काम?
ब्रिटनमध्ये एकटीने लेकरू वाढवणारी, युनिव्हर्सल क्रेडिटवर (कमी कमाईवाल्यांना मिळणारा सरकारी भत्ता) असलेली मैत्रीण या पेचात आहे.

पैशांचा नियम दोन्हीकडे सारखाच. ठरावीक सवलतीपुढे कमावलेल्या प्रत्येक पौंडामागे भत्त्यातून 55 पेन्स कापतात. कमाई घटली की भत्ता वाढतो, पण हिशेब महिन्याचा. रिकाम्या आठवड्यात ओढाताण होतेच.

खरा प्रश्न पाळणाघराचा. खर्चाचे 85 टक्क्यांपर्यंत, तेही मर्यादेत, परत मिळतात. पण ऐनवेळी शिफ्ट रद्द झाली तरी पाळणाघराची फी बहुधा भरावीच लागते. आईचा जीव तिथेच टांगणीला लागतो. करारात निदान वेळा ठाऊक असतात.

झीरो-अवर्समध्ये मूल तापलं तर शिफ्ट नाकारता येते, दुसरं कामही धरता येतं.

मूल लहान आणि मदतीला कुणी नाही, तर करारच घे. मूल शाळेत जातं, आजी जवळ आहे, तर झीरो-अवर्स चालेल.